बासुंदीने वाढवलेली मुदत

जयवंतरावांनी आयुष्यात एकच पत्र बिनउत्तराचं ठेवलं, आणि नेमकं तेच असं होतं की ज्याच्या उत्तरावर त्यांचं घर अवलंबून होतं.

एरवी त्यांचा स्वभाव असा, की कुणा अनोळखी मुलाच्या मुंजीची छापील पत्रिका चुकून त्यांच्या नावावर आली तरी ते बटूला आशीर्वादाचं पोस्टकार्ड टाकत. विमा कंपनीने खाली 'आपला विश्वासू' असं लिहिलं की यांना वाटे, माणसाने एवढा विश्वास टाकलाय, तर दोन ओळी लिहायला हव्यात. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं लिहिण्यात सगळी नोकरी गेलेली. माणसांशी बोलताना शब्द सापडत नसत, पण कागदावर ते कुणालाही उलट टपाली सापडत.

पत्र आलं ते शहाण्णव सालच्या नवरात्राच्या आधी, गोत्रीहून, प्रतापसिंहरावांचं. 'रा. रा. जयवंतराव यांस सा. न. वि. वि. काही अपरिहार्य घरगुती कारणामुळे घराचा व्यवहार पुढे नेणे जमेल असे वाटत नाही. आपण दिलेला विसार जसाच्या तसा ठेवला आहे, तो घेऊन जावा. येण्याआधी कळवावे, म्हणजे जेवणाचे बघता येईल. सौ. वहिनींच्या गुडघ्यांना आराम असावा.'

हे वाचून जयवंतरावांना पहिल्यांदा प्रतापसिंहरावांची काळजी वाटली. मग अक्षर किती वळणदार आहे याचं कौतुक वाटलं. आपलं घर गेलं, हे त्यांच्या लक्षात तिसऱ्या वाचनात आलं.

घर जाणं हे त्यांच्यासाठी काही वर्तमानपत्रातलं दुःख नव्हतं. ते राहत होते बडोद्याच्या घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, भाड्याने. जिना इतका उभा, की चढताना आधाराला दोर बांधलेला. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंचे गुडघे होळीपासून असे धरले होते, की डॉक्टरांनी जिन्याचं नावही काढायचं नाही म्हणून बजावलं. तेव्हापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. भाजी खिडकीतून दोरीला टोपली बांधून वर येई आणि पोळमधल्या बातम्याही बहुधा त्याच टोपलीतून. गोत्रीचं घर मात्र सगळं तळमजल्याचं, स्वयंपाकघराचं दार थेट अंगणात. बाईंनी ते डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. जयवंतरावांनी पावलं मोजून एक नकाशा काढून आणला होता, आणि त्या नकाशात बाईंनी पाण्याच्या पिंपापासून सांडशीच्या खिळ्यापर्यंत सगळ्याची जागा ठरवून टाकली होती. मनाने त्या तिथे केव्हाच राहायला गेल्या होत्या. इथे उरले होते ते नुसते गुडघे.

"मग उत्तर काय लिहिताय?" त्यांनी विचारलं.

जयवंतराव 'आपले कृपापत्र पोचले' इथपर्यंत आले होते. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे धनाजीराव वर आले. पोस्टमन जिना चढायला कंटाळे आणि सगळं टपाल धनाजीरावांकडे देई, त्यामुळे कुठल्याही पत्रावरचा त्यांचा सल्ला पत्राच्या मागोमाग यायचा. रेल्वेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ शेजाऱ्याशी गटारावरून एक दावा लढत होते. तो दावा त्यांच्या दोन्ही मुलांच्या लग्नांहून जुना होता. एवढ्या काळात कायदा कुणालाही येतो, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

धनाजीरावांनी लेखणी काढून घेतली. उत्तर दिलंत की अडकलात, असं ते म्हणाले. 'पोचले' म्हणालात की पोचल्याची कबुली, 'कृपा' म्हणालात की उपकार मान्य. समोरचा माणूस शब्दाशब्दाची वाट बघत बसलाय. गोत्रीचा रस्ता रुंद व्हायला लागलाय, भाव चढलेत, आणि रस्ता रुंद झाला की मनं अरुंद होतात. अपरिहार्य घरगुती कारण म्हणजे दुसरं गिऱ्हाईक. आधी वकील, मग कागद.

पत्र राहिलं. रोज सकाळी जयवंतराव ते उघडून वाचत आणि कुणीतरी दारात पाणीसुद्धा न विचारता उभं करून ठेवल्यासारखा चेहरा करत.

वकील अलकापुरीत, लिफ्टच्या इमारतीत. नाव कनुभाई. जयवंतरावांनी आत जाताच वेळ घेतल्याबद्दल माफी मागितली, मग खुर्ची घेतल्याबद्दल. कनुभाईंनी बानाखत वाचलं. जागा विकण्याचा जो करार आधी होतो त्याला बडोद्यात बानाखत म्हणतात. खरी विक्री होते ती नंतरच्या दस्तावेजाने. बानाखतात मुदत लिहिलेली असते. ही मुदत भाद्रपदातच संपली होती.

कनुभाईंनी चष्मा वर केला. "काका, मुदतने दहाडे तमे त्यां शुं करता हता?"

"जेवत होतो," जयवंतराव म्हणाले.

झालं होतं ते असं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दस्तावेजाचं विचारायला जयवंतराव सकाळीच गोत्रीला गेले. हे वाक्य त्यांनी बसमध्ये दोनदा मनाशी म्हणूनही घेतलं होतं. पण प्रतापसिंहरावांनी पाट मांडला होता. आता ही जुनी बडोद्याची घरं. पाटावर बसलेल्या माणसाशी व्यवहार बोलायचा नाही, आणि पाटावरून उठलेल्या माणसाला व्यवहार बोलवत नाही. सुरळीच्या वड्या झाल्या, पुऱ्या झाल्या, आणि मग बासुंदी आली. आग्रह झाला. जयवंतराव नको म्हणायच्या बाबतीत जन्माचे कच्चे. पुढे प्रतापसिंहराव म्हणाले, जरा पडा. गादी घातलेलीच होती. जाग आली ती चहाच्या कपाच्या आवाजाने, आणि तोवर कचेऱ्या बंद झाल्या होत्या. निघताना हातात वहिनींसाठी बासुंदीचा डबा. बानाखताची मुदत ही अशी, खाल्ल्या अन्नाला जागत, झोपेत संपली.

"केटली वाटकी?" कनुभाईंनी विचारलं.

जयवंतराव लाजले. कनुभाईंनी लाजण्यावरूनच आकडा ताडला आणि कपाळाला हात लावला. कोर्टात समोरचा वकील काय म्हणेल ते त्यांनी सांगितलं: ज्याला घराची घाई आहे तो मुदतीच्या दिवशी मागणी करतो, हे गृहस्थ जेवले, झोपले आणि डबा घेऊन गेले. म्हणजे त्यांना घाईच नव्हती. आपण म्हणायचं, मुदत दोघांच्या राजीखुशीने वाढली.

मग त्यांनी रस्ते सांगितले. पहिला, दावा करायचा, की ठरल्याप्रमाणे दस्तावेज करून द्या. त्याला वर्षं लागतील, पण घर मिळू शकतं. दुसरा, घर सोडायचं आणि विसारासकट नुकसानभरपाई मागायची. कुठलाही धरा, मधल्या काळात घर तिसऱ्याला विकू नये म्हणून मनाईहुकूम. जयवंतरावांनी भीत भीत तिसरा आहे का विचारलं.

"त्रीजो रस्तो समाधान," कनुभाई म्हणाले, "पण एमां वकीलनी फी नथी." गुजरातीत तडजोडीला समाधान म्हणतात. ते मोकळेपणाने हसले.

पहिल्या रस्त्यात एक मेख होती. दावा करणाऱ्याने दाखवून द्यावं लागतं, की मी पहिल्या दिवसापासून आजपर्यंत घर घ्यायला सतत तयार होतो आणि राजी होतो; पैशानेही आणि मनानेही. पैशाची सोय पासबुकात दिसत होती. मनाच्या सतत तयारीचा मात्र जयवंतरावांनी घाम फुटेपर्यंत विचार केला. ज्या माणसाला छत्री घ्यावी की नाही हे ठरवताना बस निघून जाते, त्याने न्यायाधीशासमोर कशाच्या जोरावर उभं राहायचं?

नोटीस तयार झाली. ती वाचून जयवंतरावांना झोप लागेना. प्रतापसिंहरावांनी 'बदइराद्याने' आणि 'लालसेपोटी' बानाखत मोडलं, असं तिच्यात लिहिलं होतं. ज्याची बासुंदी खाल्ली त्याला बदइरादा म्हणायचं कसं? नोटीस रजिस्टर केली आणि तिथूनच ते एसटीडीच्या टपरीत शिरले. प्रतापसिंहरावांना त्यांनी फोनवर सांगितलं, की उद्या-परवा एक जाड पाकीट येईल, त्यातली भाषा वकिलांची आहे, मनाला लावून घेऊ नये. आणि शक्य तर ते जेवण झाल्यावर उघडावं, आधी नको, रक्तदाबाची गोळी विसरू नये. प्रतापसिंहरावांनी एवढी काळजी घेतल्याबद्दल आभार मानले. पत्राच्या उत्तराचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही.

घरी येऊन त्यांनी हे मंदाकिनीबाईंना सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या.

"अहो, तुम्ही त्यांच्यावर दावा करताय की श्रावणसोमवारचं आमंत्रण देताय?"

इकडे धनाजीरावांना वकिलाचा संथपणा सहन होईना. त्यांनी स्वतःच्या बुद्धीने एका गुजराती दैनिकात जाहीर चेतावणी छापून आणली: गोत्रीच्या अमुक सोसायटीतलं अमुक घर कुणीही विकत घेऊ नये, त्यावर घडियाळी पोळ येथील अमुक यांचा हक्क आहे. खाली जयवंतरावांचा पूर्ण पत्ता. हेतू असा, की गिऱ्हाइकं घाबरून पळतील. झालं असं, की ज्यांना त्या घराची खबरही नव्हती त्यांना ती सकाळच्या चहाबरोबर मिळाली. दोन दिवस दलालांची रीघ लागली. दोर धरून धापा टाकत एकेक जण वर येई, आणि मंदाकिनीबाई आधी पाणी देत, मग चहा. एकाला घर बघायचं होतं, एकाला जयवंतरावांचा बानाखतातला हक्कच विकत हवा होता. एक लठ्ठ दलाल वर पोचल्यावर बराच वेळ बोलूच शकला नाही. त्याला बाईंनी आपलं गुडघ्याचं तेल लावायला दिलं. तो उतरताना म्हणाला, की मावशी, भाव काहीही असो, तळमजला सोडू नका.

तो दलाल गेला. संध्याकाळी त्यांनी भाजीची टोपली वर ओढली, आणि ती खिडकीच्या कट्ट्यावर तशीच ठेवून म्हणाल्या, "मला आता या खिडकीचा कंटाळा आलाय हो. भांडायचं तर नीट भांडा."

जयवंतरावांनी मान हलवली. लग्न झाल्यापासून बाईंनी मागितलेल्या वस्तूंची यादी त्यांना पाठ होती, कारण ती फारच लहान होती.

नोटिशीत दस्तावेजासाठी नवा दिवस दिला होता. त्या दिवशी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन बसा, असं कनुभाईंनी बजावलं. तो येणार नाही, पण तुम्ही तयार होतात हे दिसेल. आणि काही खाऊ नका, हेही सांगितलं. जयवंतराव धुतलेलं धोतर नेसून, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले. दुपारपर्यंत त्यांना नवीच शंका छळू लागली: आपण बसलो हे खरं, पण बसलो होतो याला पुरावा काय? धीर करून ते खिडकीशी गेले आणि आपण आज इथे हजर असल्याचा दाखला मिळेल का, असं विचारलं.

"काका, बेसवानो दाखलो अमे नथी आपता," कारकून म्हणाला. शेजारच्या टेबलावरच्याला त्याने ते पुन्हा सांगितलं, आणि त्या टेबलाने तिसऱ्याला. शेवटी एकाला दया आली. बाहेर स्टँप विकणाऱ्याकडून एखादा स्वस्त कागद घ्या, त्याच्या वहीत नाव आणि तारीख चढते, असं त्याने सुचवलं. स्टँपवाल्याने वही उघडली आणि कागद कशासाठी म्हणून विचारलं. जयवंतरावांना खोटं सुचेना. ते म्हणाले, अजून ठरलं नाही. स्टँपवाल्याने तसंच लिहून घेतलं. ज्या दिवशी आपलं मन पक्कं असल्याचं सिद्ध करायचं, त्याच दिवशी सरकारदप्तरी 'ठरलं नाही' अशी नोंद झाली, हे त्यांना बाकावर परत बसल्यावर कळलं.

आणि तेवढ्यात दारातून प्रतापसिंहराव आत आले. टोपी, काठी, आणि हातात चार कप्प्यांचा डबा.

"म्हटलं, तुम्ही सकाळपासून उपाशी असाल," ते म्हणाले, आणि बाकावर शेजारी बसून कप्पे सुटे करू लागले.

जयवंतरावांना वकिलाची सूचना आठवली. आठवली एवढंच. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत, वादी आणि प्रतिवादी यांच्या मधोमध वर्तमानपत्राचा कागद अंथरला गेला आणि त्यावर मेथीच्या पुऱ्या मांडल्या गेल्या. कारकून खिडकीतून मान काढून पाहू लागले. प्रतापसिंहरावांनी त्यांनाही विचारलं.

पहिल्यांदाच पाट नव्हता. कदाचित म्हणूनच असेल, जयवंतरावांच्या तोंडून प्रश्न निघाला. "प्रतापसिंहराव, घर कुणाला देताय?"

प्रतापसिंहराव पुरी मोडत राहिले. "कुणाला देणार? मी जाऊ कुठे ते सांगा." मग, डब्याकडेच बघत, "पुण्याला निहारकडे जायचं म्हणून तर विकायला काढलं. चैत्रात तो या म्हणाला होता. आता म्हणतो, बाबा, फ्लॅट दोन खोल्यांचा आहे. रागाने नाही म्हणत. खरंच दोन खोल्यांचा आहे. मी गेलो की एक माझी होते."

"मग पत्रात तसं लिहायचं."

"मुलगा ठेवून घेत नाही, असं लिहायचं? तुम्हाला?"

जयवंतरावांनी पुरी खाली ठेवली. पत्रातल्या 'अपरिहार्य घरगुती कारणा'चे सगळ्यांनी इतके अर्थ लावले होते, पण प्रतापसिंहरावांनी लिहिलं होतं तेवढाच त्याचा अर्थ होता.

कनुभाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी आधी मेथीच्या पुऱ्यांबद्दल डोळे मिटून घेतले. मग सांगितलं, की कारण कुठलंही असो, बानाखत मोडलं ते मोडलं. कायद्याला त्याच्या मुलाचा फ्लॅट दिसत नाही. दावा टाका, नाहीतर पैसे घेऊन मोकळे व्हा. जयवंतरावांनी घाबरत विचारलं, की समजा दस्तावेज झाला आणि ते बाहेरच्या खोलीत राहिले तर? कनुभाई खुर्चीतून अर्धे उठले. घर घ्यायचं तर रिकाम्या घराचा कब्जा घ्यायचा. माणूस आत ठेवून घर घेतलं तर तो माणूस जन्मात निघत नाही. आमच्या गावात भाडोत्री कसे असतात तुम्हाला माहीत नाही, काका.

जयवंतरावांना ते पुरेपूर माहीत होतं. त्यांच्या स्वतःच्या घरमालकाचे वडील त्यांना निघा म्हणता म्हणता वारले होते.

रात्री जेवताना त्यांनी सगळं बाईंसमोर मांडलं. धनाजीरावांचं मत, कनुभाईंचं मत, आणि आपल्याला मत नाही हेही. आपण चुकतोय का, भोळे ठरतोय का, लोक हसतील का. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"त्यांचा स्वयंपाक कोण करतं?" त्यांनी विचारलं.

"ते स्वतःच."

"त्या दिवशीची बासुंदी?"

"तीही."

बाईंनी नकाशा पुढे ओढला. मग बाहेरच्या खोलीतलं शिवणयंत्र त्यांनी बोटाने उचललं आणि मधल्या खोलीत नेऊन ठेवलं. "खोली बाहेरून वेगळ्या दाराची आहे ना? मग राहू देत. पण दस्तावेज आधी. आधी म्हणजे आधी. नाहीतर तुम्ही दोघं जेवत बसाल आणि मी या खिडकीत मरेन."

धनाजीरावांना विचारलं नाही. कनुभाईंनाही नाही. जयवंतरावांनी कागद घेतला आणि लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात त्यांनी उशिराबद्दल एवढी क्षमा मागितली की घराचा उल्लेख राहून गेला. दुसऱ्यात दोन्ही बाजू इतक्या न्यायाने मांडल्या की वाचणाऱ्याला नक्की कोण कुणाला घर देतंय ते समजलं नसतं. तिसरा बाईंना वाचून दाखवला. त्यात शेवटी 'आपली हरकत नसेल तर' असं होतं.

"ते खोडा," बाई म्हणाल्या.

"अगं, रीत असते."

"हरकत त्यांची आहेच. म्हणून तर एवढं रामायण झालं. खोडा."

त्यांनी खोडलं. मग खाडाखोड बरी दिसत नाही म्हणून सगळं पुन्हा स्वच्छ उतरवून काढलं, आणि त्या वेळी, बाईंनी न सांगताच, आणखी काही शब्द गळाले. उरलं ते असं:

'रा. रा. प्रतापसिंहराव यांस सा. न. वि. वि. आपल्या पत्राचे उत्तर द्यायला उशीर झाला. विसार परत नको. घर आम्हाला हवे आहे. बाहेरची खोली आपली, आपण राहाल तोपर्यंत. तसे वकिलांकडून लिहूनही देतो. दस्तावेज येत्या सोमवारी, सकाळी कचेरी उघडताच. जेवण त्यानंतर. कचेरीतून मी सौ.ला घेऊन परस्पर गोत्रीला येईन. तेव्हा या वेळी मुदत वाढवता येणार नाही. जिना ती एकदाच उतरणार आहे.'

सकाळी ते स्वतः कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले. मागून धनाजीरावांनी, काय टाकताय, म्हणून हाक मारली. जयवंतराव थांबले नाहीत. पाकीट आत सोडलं. पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून त्यांनी बोटं घालून चाचपून पाहिलं. पत्र गेलं होतं.